पहिलं नाव स्वतःचं: कृष्णाकाठच्या मैत्री भावनेची गोष्ट

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. एसटीत बसून वाचणाऱ्यांसाठी, घाटात रेंज गेलेल्यांसाठी आणि अभ्यासिकेत हेडफोन चालत नाहीत अशांसाठी. बोलण्यातले "म्हणजे बघा" मी बरेचसे काढलेत, काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

सुरुवात कराडपासून करू. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून सांगलीच्या दिशेनं वळतात. या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. संध्याकाळी गर्दी असते, भेळेच्या गाड्या असतात, सेल्फी असतात. तीन वर्षं मी कराडात एका अभ्यासिकेत राज्यसेवेचा अभ्यास करत होते. तिसऱ्या वेळी पूर्व परीक्षेतच गेले, साडेतीन गुणांनी. निकाल लागला त्या संध्याकाळी मी संगमावर जाऊन बसले आणि स्वतःशी जे बोलले, ते इथं सगळं सांगण्यासारखं नाही. थोडक्यात सांगते: आळशी, बिनकामाची, बापाच्या उसाच्या बिलावर जगणारी. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी नापास झाली होती. तिला मी त्याच दिवशी फोन करून म्हटलं होतं, "अगं, पेपरच अवघड होता, जेवलीस का आधी?" तिला जेवलीस का विचारलं. मी स्वतः मात्र दोन दिवस नीट जेवले नव्हते.

ही विसंगती तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही. ती लक्षात आली भावामुळे. तो बेंगळुरूला असतो. त्यानं मला एका ॲपची लिंक पाठवली. एक परदेशी बाई मऊ आवाजात इंग्रजीतून सांगत होती, डोळे मिटा आणि स्वतःला शुभेच्छा द्या. मला आधी हसू आलं, मग राग आला. हे असलं लाडावलेलं काहीतरी अमेरिकेतून आलेलं, आपल्याकडं असली थेरं चालत नाहीत, असं मी त्याला फोनवर सुनावलं.

आता गंमत बघा. मी हे बोलत होते ते अभ्यासिकेच्या गच्चीवर उभी राहून, आणि समोर आगाशिवचा डोंगर दिसत होता.

आगाशिव म्हणजे कराडपासून चार-पाच किलोमीटरवर, जखिणवाडीच्या वरचा डोंगर. पुणे-बेंगळुरू हायवेवरून जाताना दिसतो. त्याच्या अंगावर साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. अजिंठ्यासारखी चित्रं नाहीत, कार्ल्यासारखा भव्य चैत्यही नाही. बहुतेक नुसत्या खोल्या. काळ्या कातळात खोदलेली लहानशी खोली आणि झोपायला कातळातलाच ओटा. म्हणूनच पर्यटक कमी आणि पोरं पावसाळ्यात रील काढायला जास्त. कराडचं जुनं नाव करहाकट. या करहाकटच्या नगरानं दिलेल्या दानाचा लेख आजच्या मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर सापडलाय. म्हणजे इसवी सनाच्या आधीच आपल्या कराडच्या लोकांनी इतक्या लांब वर्गणी पाठवली होती. गणपतीची वर्गणी टाळणाऱ्या आमच्या गल्लीला हे सांगायला हवं.

या खोल्यांमध्ये भिक्षू पावसाळ्याचे महिने काढायचे. त्याला वर्षावास म्हणतात. बौद्ध भिक्षूंच्या रोजच्या पाठात जी सुत्तं असतात, त्यात मेत्त सुत्त हे एक. मेत्त हा पाली शब्द, संस्कृतात मैत्री. त्याच्यामागं परंपरेनं सांगितलेली एक गोष्ट आहे. काही भिक्षू जंगलात वर्षावासाला गेले आणि तिथल्या झाडांवरच्या देवतांनी त्यांना घाबरवून सोडलं. ते पळून बुद्धाकडं आले. बुद्धानं त्यांना दुसरी जागा दिली नाही, मेत्त शिकवून परत त्याच जंगलात पाठवलं. म्हणजे ही गोष्ट भीतीवरचा उपाय म्हणून सुरू होते. मला हे फार बरं वाटलं, कारण माझाही मूळ प्रश्न भीतीचाच होता. घरी काय सांगू, ही भीती.

मेत्त करायचं कसं, याची सगळ्यात बारकाईनं लिहिलेली जुनी पद्धत आहे विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथात. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बुद्धघोषानं तो लिहिला. यातलं नववं प्रकरण मी मराठीतून आणि इंग्रजीतून अडखळत वाचलं. मला वाटलं होतं उपदेश असेल. तर ते निघालं चक्क वापरायचं माहितीपत्रक. काय करा, काय करू नका, का करू नका.

बुद्धघोष म्हणतो, सुरुवातीला चार माणसं घेऊ नका. नावडता माणूस नको, कारण त्याला प्रेमाच्या जागी बसवताना तुम्ही दमाल. अगदी जिवलग नको, कारण त्याला जरा काही झालेलं आठवलं तरी रडू येईल. ज्याचं काही देणंघेणं नाही असा माणूस नको. आणि वैरी तर नकोच, राग उफाळून येईल. मेलेल्या माणसावरही ही भावना करू नका, असं तो सांगतो. एका तरुण भिक्षूची गोष्ट देतो. तो आपल्या गुरूंवर मैत्री भावना करत बसला आणि काही केल्या मन लागेना. शेवटी चौकशी केली तर कळलं, गुरू वारले होते. आणखी एक गोष्ट तर मी मैत्रिणींना तीनदा सांगितली. एका माणसानं विचारलं, मैत्री कुणावर करू? थेर म्हणाले, जे माणूस आवडतं त्याच्यावर. त्याला आवडत होती बायको. मग हा दार लावून ध्यानाला बसला आणि रात्रभर तिच्याकडं जाण्यासाठी भिंतीशी झटापट करत राहिला. पाचव्या शतकातला विनोद आहे हा, आणि ध्यानाच्या पुस्तकातला.

मग सुरुवात कुणापासून? स्वतःपासून.

इथं मी थांबले, कारण मला वाटायचं स्वतःवर प्रेम म्हणजे स्वार्थ. बुद्धघोषालाही ही शंका माहीत होती. तो स्पष्ट सांगतो की नुसतं स्वतःवर शंभर वर्षं मैत्री केली तरी समाधी लागणार नाही. मग स्वतःला आधी का घ्यायचं? साक्षीदार म्हणून. मला सुख हवंय, मला दुःख नकोय, मला मरायचं नाहीये, हे मला आतून ठाऊक आहे. त्याची साक्ष काढून मग म्हणायचं, जसं मला तसंच समोरच्याला. कोर्टात पहिला साक्षीदार उभा करतात तसं. हा पहिला साक्षीदारच फितूर झाला तर पुढची केस उभीच राहणार नाही.

याच्या आधाराला तो कोसलचा राजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांच्या संवादावरचं बुद्धवचन घेतो. मल्लिका ही माळ्याची मुलगी, राजाची लाडकी राणी. राजानं विचारलं, तुला स्वतःपेक्षा प्रिय असं कुणी आहे का? त्याची अपेक्षा उघड होती. आपल्याकडच्या कुठल्याही सिरियलमध्ये ती म्हणाली असती, तुम्हीच. मल्लिका म्हणाली, नाही महाराज, कुणी नाही. आणि तुम्हाला? राजाही खरं बोलला: मलाही नाही. मग तो हे बुद्धाला सांगायला गेला. बुद्धानं दोघांना रागावलं नाही. त्यानं त्यातून निष्कर्ष काढला: प्रत्येकाला स्वतः इतका प्रिय असतो, म्हणून स्वतः प्रिय असलेल्यानं दुसऱ्याला दुखवू नये.

(इथं रेकॉर्डिंगमध्ये मागून एसटीचा हॉर्न येतो. काढला नाही, स्टॅंडजवळच राहते मी.)

हे सगळं मराठी माणसापर्यंत आणलं कुणी? धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातल्या सांखवाळचा. शाळा फारशी नाही, घरची नारळाची बाग सांभाळायची. बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचलं आणि डोक्यात ते एकच राहिलं. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, नेपाळ, मग श्रीलंका, ब्रह्मदेश. पुढं सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये दिले. अट अशी की महाराष्ट्रात कुठंही राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा. आजच्या भाषेत कंटेंट क्रिएटरची फेलोशिप. नंतर फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, आणि अमेरिकेत हार्वर्डला जाऊन काम केलं ते याच विशुद्धिमग्गावर. हेन्री वॉरन हा अभ्यासक हे काम अर्धवट टाकून वारला होता, ते कोसंबींनी पुरं केलं. नागरी लिपीतली त्यांची आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली, हार्वर्डची १९५० मध्ये, ते गेल्यानंतर. ध्यानाच्या या सगळ्या पायऱ्या त्यांनी साध्या मराठीत 'समाधिमार्ग' या पुस्तकात लिहिल्या. म्हणजे मला जे अमेरिकन वाटत होतं, ते मराठीत माझ्या आजोबांच्या लहानपणी छापून झालं होतं.

कोसंबींबद्दल एक गोष्ट मला टोचते, ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. घर सोडताना पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागं राहिली. काही वर्षांनी ते परत आले, संसार केला, मुलं शिकवली. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी म्हणजे मोठे गणिती आणि इतिहासकार. पण ती मधली वर्षं बाळाबाईंनी कशी काढली असतील? सर्व प्राणिमात्रांवर मैत्री लिहिणाऱ्या माणसाच्या घरातल्या त्या बाईच्या वाट्याला कितीशी आली? कोसंबींनी 'निवेदन' हे आत्मचरित्र लिहिलं. बाळाबाईंचं निवेदन नाही. मी कोसंबींना नावं ठेवत नाहीये, त्यांच्याशिवाय हा भाग झालाच नसता. पण दूरच्या जगाला प्रेम देणं घरातल्या एका माणसाला देण्यापेक्षा सोपं असतं, हे बुद्धघोषाच्या पायऱ्या बघूनही कळतं. म्हणूनच तो जगापासून सुरू करत नाही.

आता नदीच्या उताराला लागू, सांगलीकडं.

वाळवा, मिरज, शिरोळच्या पट्ट्यात, कृष्णा-वारणेच्या काठानं मराठी बोलणारे दिगंबर जैन शेतकरी मोठ्या संख्येनं आहेत. ऊस, हळद, द्राक्षं करणारे. पुण्यामुंबईच्या मित्रांना जैन म्हटलं की दुकानदारच डोळ्यापुढं येतो, त्यांना हे सांगून पटत नाही. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रातही मैत्री आहे: सगळ्या जिवांशी मैत्री, गुणी माणसाबद्दल आनंद, दुःखी माणसाबद्दल करुणा, आणि जो ऐकतच नाही त्याच्याबाबत तटस्थता. पतंजलीच्या योगसूत्रातही जवळपास हीच चौकडी आहे, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. कुणी कुणाकडून घेतलं या भांडणात मी पडत नाही. तीन वेगवेगळ्या घरांत एकच भांडं दिसतं, एवढं मात्र खरं. कोसंबींनी शेवटच्या काळात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर पुस्तक लिहिलं आणि १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. म्हणजे त्यांच्या एकट्याच्या आयुष्यातही ही घरं शेजारीशेजारीच होती.

आमच्या शेजारी एक जैन आजी आहेत. भाद्रपदात दहा दिवस दशलक्षण पर्व असतं, त्याचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. पर्व संपलं की क्षमावाणी. सगळे एकमेकांना क्षमा मागतात. आता त्याचे फॉरवर्ड येतात, कमळाच्या चित्रावर लिहिलेले, आणि आपण अंगठा दाखवून मोकळे होतो. आजी मात्र दारोदार जातात. शिवाय रोजचं सामायिक, ४८ मिनिटं, म्हणजे जुन्या दोन घटका, भिंतीला टेकून. निकालानंतर मी घरी आले तेव्हा क्षमावाणीचा दिवस होता. आजी आमच्या दारात आल्या, आईला हात जोडले, मग मला. मी गंमत म्हणून विचारलं, "आजी, तुम्ही कुणाकुणाची क्षमा मागता हो? तुमचं तर कुणाशी भांडणच नाही."

त्या म्हणाल्या, "अगं, माणसं राहू दे. नांगराखाली किडामुंगी जाती, भांगलताना गांडूळ तुटतं, पानी तापवताना काय काय मरतं. चौऱ्याऐंशी लाख योनीतल्या समद्यांची मागायची."

"मग स्वतःची?"

मला वाटलं हसतील. त्यांनी मला वेड्यासारखं बघितलं. "म्हंजे काय! मीबी एक जीवच हाय की त्यातला. मला काय गाळायचं?"

बाराशे रुपयांचं ॲपचं सबस्क्रिप्शन जे समजावू शकलं नव्हतं, ते उंबऱ्यात उभं राहून झालं. त्यांच्या डोक्यात स्वतःवर दया करणं हा वेगळा विषयच नव्हता. यादी सगळ्यांची, आणि यादीत आपण.

आता इतिहासातली एक मजेशीर जागा. १९९० मध्ये धर्मशाळेत दलाई लामा आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची बैठक होती. शॅरन सॅल्झबर्ग ही अमेरिकन ध्यानशिक्षिका तिथं होती. १९८५ मध्ये ब्रह्मदेशात सयाडो ऊ पंडितांकडं ती मेत्त शिकली होती. तिनं दलाई लामांना विचारलं, स्वतःचा द्वेष वाटतो, त्याचं काय करायचं? दलाई लामांना प्रश्नच कळेना. दुभाष्याशी पुन्हा पुन्हा बोलून ते विचारत राहिले, हे काय असतं? असं खरंच होतं का? ही गोष्ट तेव्हापासून हजार ठिकाणी सांगितली जाते, आणि तिचा निष्कर्ष असा काढला जातो की पूर्वेकडची माणसं स्वतःवर सहज प्रेम करतात, हा रोग पाश्चात्त्यांचा.

मला हे पटत नाही. त्यांनी एकदा निकालाच्या दिवशी कुठल्याही अभ्यासिकेत यावं. आणि त्याहून महत्त्वाचं, त्यांनी साताऱ्याला यावं.

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेत, जिला आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव पहिली इंग्रजीच्या वर्गात घातलं गेलं. महाराष्ट्रात आता हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाची आई, भीमाबाई, साताऱ्यातच वारली होती. वर्गात त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई असेल तरच पाणी. १९०१ च्या उन्हाळ्यात ही भावंडं वडिलांना भेटायला निघाली. वडील गोरेगावला नोकरीला होते. पुणे-मिरज मार्गावरच्या मसूर स्टेशनवर ती उतरली. कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. एकही बैलगाडीवाला नेईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. डब्यात जेवण होतं, पण रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहिलीय. मसूर माझ्या अभ्यासिकेपासून अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून मी कितीदा तरी गेले असेन, कधी लक्षातही आलं नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला एका प्रवासात कळतं की लोकांच्या लेखी आपण अपवित्र आहोत. याला तुम्ही काय सांगणार? डोळे मीट, स्वतःला शुभेच्छा दे? इथं सेल्फ-कम्पॅशनच्या गोड पोस्टर्सचा दम संपतो. दुसऱ्यानं तुमच्यात भरलेला तिरस्कार तुमच्या मनातली चूक म्हणून तुम्हालाच दुरुस्त करायला लावणं हा अन्यायच आहे. बाबासाहेबांनी पुढं जे केलं त्यात चवदार तळं आहे, शिक्षण आहे, संविधान आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेली धम्मदीक्षा आहे. आणि त्याच माणसाच्या शेवटच्या ग्रंथात, १९५७ मध्ये त्यांच्या मागं छापलेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये, मैत्रीला फार वरची जागा आहे. करुणा पुरेशी नाही, ती माणसांपुरती आहे, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत जाते, असं ते मांडतात. तळ्याचं पाणी आधी, मैत्रीही हवीच. त्यांना यातलं एक निवडावं लागलं नाही.

हा धागा पुढं चालू राहिला. संघरक्षित हे इंग्रज भिक्षू १९५० च्या दशकात बाबासाहेबांना भेटले होते. त्यांच्या शिष्यांनी, लोकमित्र हे त्यातले प्रमुख, १९७९ मध्ये पुण्यात त्रैलोक्य बौद्ध महासंघ उभा केला. तिथून मैत्री भावना हे नाव घेऊन पाच टप्प्यांचं ध्यान मराठीतून वस्त्यावस्त्यांत शिकवलं गेलं: आधी स्वतः, मग मित्र, मग अनोळखी, मग ज्याच्याशी पटत नाही तो, मग सगळे. इगतपुरीला १९७६ पासून गोएंका गुरुजींचं विपश्यना केंद्र आहे. तिथं क्रम उलटा, दहा दिवसांच्या शिबिरात मैत्री येते दहाव्या दिवशी, मन निवल्यावर. दोन्हींना आपापलं कारण आहे.

अमेरिकेतलं संशोधन मी झटपट सांगते, कारण ते शोधलं की सापडतं. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये सेल्फ-कम्पॅशनची व्याख्या आणि ती मोजायची प्रश्नावली मांडली. त्यांच्या मते त्यात तीन गोष्टी: स्वतःशी मायेनं वागणं, हे माझ्या एकटीचं नाही सगळ्यांचंच होतं हे ओळखणं, आणि जे वाटतंय ते न फुगवता बघणं. यातली दुसरी म्हणजे आमच्या आजींची यादी. बार्बरा फ्रेडरिकसन यांनी २००८ मध्ये नोकरदार माणसांना मेत्त शिकवून बघितलं. फायदा दिसला, पण पहिल्या बैठकीत नाही, आठवड्यागणिक हळूहळू. आणि एक इशारा: स्वतःशी मऊ बोलायला लागलं की सुरुवातीला जास्त दुखू शकतं. कोंडलेल्या खोलीचं दार उघडल्यावर आग भडकते तसं. माझं झालं. पहिल्या आठवड्यात मी रोज रडायचे आणि आईला सांगायचे सर्दी आहे. ज्यांचं फारच खोल गेलंय, जगणंच नको वाटतंय, त्यांनी ध्यानावर थांबू नये. डॉक्टरकडं जा. टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

मी काय करते तेही सांगते, कारण भागाचं रेकॉर्डिंग ऐकून दोघींनी हेच विचारलं. पालीतले शब्द माझ्या तोंडी बसले नाहीत. माझे शब्द असे: मी बरी असो. माझी भीती कमी होवो. मला वेळेवर जेवण मिळो. तिसरं ऐकून भाऊ हसला. पण मी नापास मैत्रिणीला जे विचारलं होतं तेच ते आहे. सज्जनगडावरच्या समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनालाच सज्जन म्हणून हाक मारलीय, आणि मग २०५ श्लोक त्याला समजावत बसलेत. लहानपणी पाठांतर स्पर्धेत ते म्हणून मी स्टीलचा डबा जिंकले होते. समजावायचंच आहे तर हाक तरी बरी मारा, ही साधी गोष्ट तेव्हा कळली नव्हती. स्वतःपासून सुरू करणं ज्यांना जमतच नाही, त्यांनी घरातलं वासरू किंवा भाच्चं आधी घ्या आणि मग हळूच स्वतःला त्यांच्या शेजारी बसवा. बुद्धघोषाला वाटलं होतं की स्वतः हा सगळ्यात सोपा माणूस. आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी तो चौथ्या टप्प्यातला माणूस झालाय, ज्याच्याशी पटत नाही तो.

आणि त्या प्रकरणातली शेवटची गोष्ट. चौघं बसलेत: तुम्ही, तुमचं आवडतं माणूस, एक तिऱ्हाईत आणि एक वैरी. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला यातला एक द्या. बुद्धघोष विचारतो, साधक काय म्हणेल? वैऱ्याला न्या म्हणाला, तर मैत्री पुरी झाली नाही, हे आपल्यालाही सुचतं. पण तो पुढं म्हणतो, मला न्या, या तिघांना सोडा, असं म्हणाला तरी पुरी झाली नाही. कारण एकाचं वाईट त्यानं तरीही चिंतलंच. ज्याला चौघांतला एकही देण्यासारखा दिसत नाही, त्याच्याच मनातली कुंपणं मोडली.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले. आमच्याकडं आई सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाते, शिळी भाकरी तर तिचीच. मीही तेच शिकले होते आणि त्याला चांगुलपणा समजत होते. दुसऱ्या दिवशी मी आईला ही दरोडेखोरांची गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. "म्हंजे दरोडेखोरांना हात हलवत परत पाठवायचं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी मात्र पहिली गरम भाकरी तव्यावरून काढली तेव्हा मी ती दोन ताटांत अर्धी-अर्धी केली, आणि ती नको म्हणाली नाही.

चौथ्या वेळचा फॉर्म भरलाय. निकाल आला की सांगेन, कसाही आला तरी. पुढच्या भागात सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊ, कृष्णा-वारणेच्या संगमावर. जमिनीखाली हळद साठवायची पेवं आणि २००५ च्या पुरानं त्यांचं काय झालं, ती गोष्ट. भेटू.